शिकवण्याचे पाचारण (देवाचे बोलावणे) आहे की नुसती बोलण्याची हौस, हे ओळखावे कसे?

प्रांजळ
नमस्कार. मंडळीच्या (चर्चच्या) बायबल अभ्यासगटात मी बऱ्याच काळापासून बसतो आणि अलीकडे अधूनमधून एखादा उतारा समजावूनही सांगतो. नव्याने विश्वासात आलेल्यांचा वर्ग मी घ्यावा, असे आमच्या पाळकसाहेबांनी नुकतेच सुचवले. त्याच सुमारास मंडळीतील एका ज्येष्ठ भगिनींनी मात्र, माझे काम वर्गात नसून बाहेर आहे, मी सुवार्तिक, म्हणजे बाहेरच्यांना ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारा, व्हावे, असे ठामपणे सांगितले. प्रार्थना करून कळवतो, असे उत्तर मी दोघांनाही दिले आहे. परंतु हे उत्तर फार काळ पुरणारे नाही.

माझी अडचण अशी आहे की शिकवताना मला आनंद होतो आणि नेमका त्या आनंदाचाच मला संशय येतो. ऐकणारे मान डोलावू लागले की बरे वाटते, पण ते बरे वाटणे वचनासाठी आहे की स्वतःसाठी, हे मला सांगता येत नाही. शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, म्हणून पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, असे याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बजावतो; तर अध्यक्षपदाची, म्हणजे मंडळीवर देखरेख करण्याच्या पदाची, आकांक्षा धरणारा चांगल्या कामाची इच्छा धरतो, असे पौल तीमथ्याला लिहितो. या दोहोंच्या मध्ये मी उभा आहे. जे या वाटेने गेले आहेत, किंवा काही अंतर जाऊन परत फिरले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_सेवक
प्रांजळ, आनंदाचा संशय घेऊ नका. तो आनंद कशावर अवलंबून आहे ते पाहा. आपण ज्या उताऱ्यावर मेहनत घेतली, तोच उतारा दुसऱ्या कोणी आपल्यापेक्षा चांगला उलगडून दाखवला, तर आपल्याला समाधान वाटते की खट्टू व्हायला होते? निवृत्त होईपर्यंत अनेक उमेदवारांना मी हाच प्रश्न विचारत आलो. त्यांच्या उत्तराला मी फारसे महत्त्व देत नसे. उत्तर देण्यापूर्वी ते किती वेळ थांबतात, याकडे माझे लक्ष असे.

दुसरे असे की पाचारण एकट्याने ओळखायची गोष्ट नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा तेरावा अध्याय पुन्हा वाचा. अंत्युखियाच्या मंडळीत बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) आधीपासूनच शिकवत होते. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला जे दर्शन झाले त्यालाही बरीच वर्षे लोटली होती. तरीसुद्धा त्यांना पाठवण्याविषयी आत्मा बोलला तो मंडळी उपास आणि उपासना करत असताना. आणि मंडळीने पुन्हा प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून त्यांची रवानगी केली. ज्याला खुद्द प्रभूने रस्त्यात गाठले त्यालाही मंडळीच्या हाताखालून जावे लागले, तर आपण कोण? अंतःकरणातील पाचारण आणि मंडळीचे पाचारण असा भेद धर्मसुधारक कॅल्विनने केला आहे, तो मला आजही उपयोगाचा वाटतो. आपल्या पाळकांनी विचारले, म्हणजे दुसरा भाग सुरू झाला आहे.

शंकेखोर
जुना_सेवक यांच्याबद्दल आदर राखून मी असहमती नोंदवतो. मंडळीने विचारले म्हणजे मंडळीने ओळखले, हे गृहीतच मला मान्य नाही. पुष्कळदा जागा रिकामी असते आणि समोर एक सुशिक्षित, वेळेवर येणारा माणूस दिसत असतो, एवढाच त्या विचारण्याचा अर्थ असतो. प्रांजळ, पाळकांना एकच गोष्ट विचारा: मी नकार दिला तर आपण कोणाकडे जाणार आहात? जो कोणी तयार होईल त्याच्याकडे, असे उत्तर आले तर ती नेमणूक समजावी. नेमणूकही वाईट नसते, पण तिला पाचारण म्हणून डोक्यावर घेऊन फिरू नये.

मिश्कील
बायबलमध्ये ज्याला म्हणून पाचारण झाले तो आधी 'मी नाही' म्हणाला, असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. नकार हीच खूण धरायची, तर वार्षिक सभेत कोषाध्यक्ष निवडण्याची वेळ आली की आमच्या संपूर्ण मंडळीला एकाच क्षणी पाचारण होते.

मौनसाधक
मिश्कील यांचा विनोद वाटतो त्याहून खोल आहे. मोशे पाच वेळा सबबी सांगतो आणि यिर्मया आपण लहान असल्याचे म्हणतो हे खरे. परंतु यशया, कोणाला पाठवू असा प्रश्न ऐकताच, 'मला पाठव' म्हणून पुढे होतो. त्यामुळे नकार ही खूण नव्हे आणि उत्साहही नव्हे.

मी कॅथलिक असल्याने आमच्या परंपरेतील दोन गोष्टी येथे मांडतो. लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी विवेकाचे जे नियम घालून दिले, त्यांतील एक असा आहे की मन कोरडे, उदास आणि अंधारलेले असेल तेव्हा पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये. शिकवण्याचे काम स्वीकारल्यावर पहिला फसलेला वर्ग घरी घेऊन येताना हा नियम आठवावा, कारण 'हे माझे काम नव्हेच' असे मनाशी ठरवण्याची सगळ्यांत चुकीची वेळ तीच असते. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी सुचवलेली एक कल्पना: ज्याला आपण कधी पाहिलेही नाही, अशा एका माणसाचे भले व्हावे अशी आपली इच्छा आहे आणि तो नेमका आपल्याच पेचात सापडलेला आहे. त्याला आपण काय सल्ला देऊ? तो सल्ला मग स्वतः पाळावा. स्वतःच्या बाबतीत जी गुंतागुंत असते ती परक्याच्या बाबतीत गळून पडते, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता सांगतो, धर्मगुरुपदाची दीक्षा न घेतलेल्यांचे शिकवण्याचे काम आमच्याकडे आता केवळ मदतनिसाचे मानले जात नाही. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाची सेवा हे रीतसर सेवापद म्हणून स्थापन केले, आणि त्यासाठी योग्य व्यक्ती पारखण्याची जबाबदारी बिशपांवर येते. पारख लागते, हे येथेही गृहीत धरलेले आहे.

सुवार्ता_वाट
या चर्चेत एक गोष्ट मागे पडत आहे. शिकवणे आणि सुवार्ता सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातही सुवार्तिकांचा उल्लेख वेगळा आणि पाळक व शिक्षकांचा वेगळा येतो. भगिनींनी आणि पाळकांनी प्रांजळ यांना दोन दिशा दाखवल्या आहेत, त्या एकाच तराजूत घालून चालणार नाही.

नव्या करारात सुवार्तिक ही ओळख नावाला जोडून फक्त फिलिप्पाला मिळालेली आहे. कृत्यांच्या आठव्या अध्यायातील त्याचे वागणे पाहा. तो रथाजवळ धावत जातो, आतला कूशी अधिकारी यशया वाचत आहे हे ऐकतो आणि मग विचारतो की आपण जे वाचत आहात ते आपल्याला समजते काय. अधिकारी त्याला वर बसायला बोलावतो, त्यानंतर तो बोलू लागतो, आणि सुरुवात त्या माणसाने जे वचन उघडले होते तेथूनच करतो. ऐकणे, विचारणे, बोलावणे येईपर्यंत थांबणे, असा क्रम आहे.

मी हे काम पुष्कळ वर्षे करते आहे. पहिल्या भेटीत मी स्वतःहून विषय क्वचितच काढते. गेल्या काही भेटींपैकी एक सांगते. एक गृहस्थ आपल्या दिवंगत भावाबद्दल बराच वेळ बोलले, मग एकदम थांबून म्हणाले, 'तुम्ही मला अजून काही सांगितलेच नाही.' मी म्हटले, 'तुम्ही अजून भावाबद्दल बोलत होता.' त्यांनी आणखी थोडे सांगितले आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली. समोरच्याला नाही म्हणण्याची पूर्ण मुभा आहे हे ज्याला मनापासून मान्य नाही, आणि नकार ऐकूनही ज्याचे त्या माणसाशी असलेले नाते पूर्वीसारखे राहत नाही, त्याने या कामात पडू नये. आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने द्या, असे पेत्र लिहितो. त्यातील दुसरा भाग आम्ही सुवार्तिक मंडळी सोयीने विसरतो.

चिटोरा
मी बाहेरचे काम केलेले नाही, वर्गाचे केले आहे, म्हणून फक्त त्याबद्दल लिहितो. प्रत्येक धड्यानंतर मी सर्वांना कागदाचा एकेक तुकडा देतो आणि आज काय शिकलो ते एका वाक्यात, नाव न घालता लिहायला सांगतो. कृपेने तारण या विषयावर मी एकदा अतिशय तयारीने बोललो होतो. जमलेल्या चिठ्ठ्यांपैकी एकीवर लिहिले होते, 'पौलाला फार प्रवास करावा लागला.' दुसरीवर होते, 'आपण आणखी चांगले वागले पाहिजे.' म्हणजे मी जे सांगितले त्याच्या बरोबर उलट. तिसरी कोरी होती.

प्रांजळ, मान डोलावणाऱ्यांवर विसंबू नका. माना सौजन्यापोटीही डोलतात. अशा चिठ्ठ्या वाचल्यावर रागावण्याऐवजी, ते वाक्य त्या माणसाच्या मनात कोठून आले असेल याचे कुतूहल वाटू लागले आणि तोच धडा वेगळ्या रीतीने मांडावासा वाटला, तर मी त्याला शिक्षकाची खूण म्हणेन. वक्त्याला आपले भाषण आवडते. शिक्षकाला समोरच्याची अडलेली जागा आवडते.

अबोली
चिटोरा यांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

मेथडिस्ट परंपरेत तिचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी हीच कसोटी थोड्या वेगळ्या शब्दांत ठरवून दिली. १७४६ च्या परिषदेत, आपल्याला उपदेशाचे पाचारण आहे असे म्हणणाऱ्यांना पारखायचे कसे, हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी कृपा, दाने आणि फळ या तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. त्या माणसाला देवाची ओळख आहे का, कामाला लागणारी कुवत आहे का, आणि त्याच्या बोलण्याने कोणाचे जीवन खरोखर बदलले आहे का? यातली तिसरी गोष्ट काम केल्याशिवाय कळूच शकत नाही. म्हणून आधी खात्री आणि मग काम, असा क्रम धरला तर माणूस जन्मभर उंबरठ्यावरच राहील.

खुद्द वेस्ली यांना हे आईकडून शिकावे लागले. थॉमस मॅक्सफील्ड नावाचा एक दीक्षित नसलेला तरुण परवानगीविना उपदेश करू लागला म्हणून ते संतापून आले असता सुझाना वेस्ली यांनी, आधी स्वतः त्याचे ऐक आणि फळ पाहा, असे त्यांना बजावले. ऐकल्यावर वेस्ली यांनी त्याला थांबवले नाही. सुझाना यांना हे का दिसले, याचेही कारण आहे. १७१२ च्या सुमारास पती लंडनला असताना त्यांनी घरातल्यांसाठी सुरू केलेल्या रविवारच्या वाचनाला सुमारे दोनशे लोक येऊ लागले होते, आणि पतीने पत्राने हरकत घेतल्यावर त्यांनी लोकांना होणारा लाभ दाखवून दिला होता.

मृदुगंध
अबोलीताई, तुम्ही सुझाना यांचे नाव काढलेत म्हणून विचारते. माझ्या मंडळीत उपासनेत स्त्रियांनी शिकवू नये अशी भूमिका आहे. मला येथे तिच्याविरुद्ध वाद घालायचा नाही. परंतु मंडळीचे पाचारण हा अर्धा भाग असेल, आणि तो भाग काही जणींना कधीच मिळणार नसेल, तर आम्ही आमचे पाचारण पारखावे कसे?

शंकेखोर
माझा मूळ आक्षेप हाच होता. मंडळी चुकते. ड्वाइट मूडी यांचे उदाहरण घ्या. १८५५ मध्ये बोस्टनमध्ये संडे स्कूलच्या शिक्षकाने या तरुणाला ख्रिस्ताकडे आणले, पण मंडळीच्या समितीपुढे त्यांना समाधानकारक उत्तरे देता आली नाहीत, म्हणून त्यांचे सभासदत्वच लांबणीवर पडले. ते पुढच्या वर्षी मिळाले. दीक्षा तर त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. त्या समितीवर सोपवले असते तर एकोणिसाव्या शतकातला एक मोठा सुवार्तिक पहिल्याच पायरीवर राहिला असता.

जुना_सेवक
शंकेखोर, आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. मूडी रुसून निघून गेले नाहीत. शिकले, पुन्हा आले आणि त्याच मंडळीचे सभासद झाले. मंडळी चुकते हे मी नाकारत नाही. परंतु मंडळी चुकते त्याहून एकटा माणूस अधिक सहज चुकतो, आणि त्याला तसे सांगणारे कोणी नसते. आपण पाठवले नसताही संदेष्टे धावले, अशी परमेश्वराची तक्रार यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. त्या धावणाऱ्यांनाही अंतःकरणात खात्री वाटत असणारच.

मृदुगंध, आपल्या प्रश्नाला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. परंतु मंडळी म्हणजे केवळ व्यासपीठावर कोणाला उभे करायचे हे ठरवणारे वडीलजन नव्हेत. अपुल्लोस वक्ता होता, शास्त्रांत प्रवीण होता आणि सभास्थानात निर्भयपणे बोलत होता. त्याच्या शिकवणीतील उणीव प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. तेथे व्यासपीठ नव्हते, तरी ते शिकवणेच होते. आपल्याकडे समजून घ्यायला कोण येते, ते पाहा. जे पुन्हा पुन्हा येतात, त्यांनी आपल्याला ओळखले आहे.

मृदुगंध
येतात. बरीच जण येतात. धन्यवाद, व्यासपीठाचा प्रश्न मात्र तसाच राहतो, हे नोंदवून ठेवते.

संपादक
स्त्रियांच्या दीक्षेविषयी स्वतंत्र धागा आहे, त्या वादाचे पुढचे प्रतिसाद कृपया तेथे द्यावेत. येथे पाचारणाच्या पारखीविषयीच लिहावे.

परत_फिरलेला
मूळ धाग्यात परत फिरलेल्यांना विचारले आहे, म्हणून लिहितो. मी सुवार्तिकाचे प्रशिक्षण घेतले, काही वर्षे ते काम केले आणि मग सोडले. मला त्यात पराभव वाटत नाही. माझी तयारी नेहमी भाषणाची असे, माणसांची नसे. सभा संपल्यावर लोक भेटायला येत, तेव्हा माझी नजर दाराकडे असे. सुवार्ता_वाट यांनी ज्या गृहस्थांबद्दल लिहिले आहे, त्यांच्यापुढे मी पाच मिनिटेही गप्प बसू शकलो नसतो. त्याच काळात मी सहकाऱ्यांसाठी अभ्यासाचे टिपण तयार करत असे, आणि त्यांना पुन्हा पुन्हा हवी असत ती टिपणे. आता मी शिक्षकांसाठी पाठ लिहितो. माझ्या बाबतीत पाचारण होते, फक्त मी ज्या दारावर ती पाटी वाचली ते दार शेजारचे निघाले.

मौनसाधक
पाचारण एकदाच ओळखून संपत नाही, हेही यातून दिसते. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे त्यांना दीक्षाही मिळाली, आणि तरीही १९१७ मध्ये, आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, मिशनचे काम सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समाज सुरू केला. आधीचे पाचारण खोटे होते असा त्याचा अर्थ कोणी करणार नाही.

मिश्कील
ज्यांना लवकर निकाल हवा आहे त्यांच्यासाठी एक प्राचीन पद्धत आहे. 'डिडाखे' या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथात फिरत्या सेवकांविषयी नियम आहेत. पाहुणा प्रेषित एक दिवस राहिला, गरज पडल्यास दुसराही, तर ठीक. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना भाकरीखेरीज पैसे मागितले तरीही खोटा. आजच्या काही अधिवेशनांच्या निमंत्रणपत्रिकांवर हा नियम छापावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

चिटोरा
हसून झाल्यावर असे लक्षात आले की या नियमात वक्तृत्वाची परीक्षा कोठेच नाही. पाहुणा वागतो कसा आणि मागतो काय, एवढेच पाहिले आहे.

नवखा_वाचक
एक शंका आहे. ज्याला ना स्वप्न पडले, ना आवाज ऐकू आला, ना कोणी विचारले, त्याने काय समजावे?

जुना_सेवक
नवखा_वाचक, शमुवेलाला आवाज आला तोही त्याला याजक एलीचाच वाटला. तो तीनदा उठून एलीकडे धावला, आणि हा परमेश्वराचा आवाज आहे हे ओळखले ते एलीने. ज्याची दृष्टी मंद झाली होती आणि ज्याचे स्वतःचे घर ढासळत होते त्या एलीने. शिवाय शमुवेलाला मिळालेला पहिलाच संदेश एलीच्या घराविरुद्ध होता, आणि एलीने तो शपथ घालून ऐकून घेतला. आपल्याविरुद्ध जाणारी गोष्टही जो ऐकून घेईल, अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसापाशी जा. आणि तोवर जे काम समोर आहे ते करा. शमुवेल त्या वेळी मंदिरात झोपलेला होता आणि सकाळी उठून त्याने नेहमीप्रमाणे दारे उघडली.

प्रांजळ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शंकेखोर यांनी सुचवलेला प्रश्न मी पाळकसाहेबांना खरोखरच विचारला. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, 'तुम्ही नाही म्हणालात तर वर्ग सध्या सुरू होणार नाही.' कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले की अभ्यासगटात एका तरुणाने अब्राहामाच्या परीक्षेविषयी अवघड प्रश्न विचारला होता, तेव्हा मी त्याला लगेच उत्तर न देता, तुला यात नेमके काय खटकते, असे विचारले होते. मला तो प्रसंग आठवतही नव्हता.

त्यामुळे असे ठरले आहे की शुभवर्तमानाचे एक पुस्तक पूर्ण होईपर्यंत वर्ग घ्यायचा आणि त्यानंतर मी, पाळकसाहेब आणि मंडळीच्या वडीलजनांपैकी एक असे तिघांनी बसून तो पुढे चालवायचा की नाही हे ठरवायचे. चिठ्ठ्यांची पद्धत वापरणार आहे. त्या ज्येष्ठ भगिनींनाही मी सांगितले. त्या मागच्या बाकावर बसून ऐकणार आहेत आणि त्यांच्या भेटींना अधूनमधून मला सोबत नेणार आहेत. त्या म्हणाल्या की त्यांचे मत बदललेले नाही. आता प्रश्न असा की सुरुवात मार्कापासून करावी की योहानापासून?

अबोली
योहान. नव्या माणसाला शब्द सोपे पडतात.

शंकेखोर
शब्द सोपे आणि अर्थ अथांग, म्हणून पहिल्या वर्गाला योहान नको. मार्क लहान आहे, वेगाने पुढे सरकतो आणि शिष्यांना काहीच कसे कळत नाही हे मोकळेपणाने सांगतो, त्यामुळे वर्गातल्यांना धीर येतो.

चिटोरा
मार्कालाच माझे मत. फक्त सोळाव्या अध्यायाची तयारी आधीच करून ठेवा. नवव्या वचनापासून पुढचा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, आणि कोणीतरी पानाखालची टीप वाचून त्याविषयी विचारणारच.